दातवाल्यांचा बिनशिरेचा घेवडा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी आभाळ, दुपारी स्वच्छ ऊन. इस्त्रीच्या चादरी आल्या. त्यातली एक आपली नाही, परत पाठवली. कुंपणावरचा घेवडा तोडला, टोपलीभर निघाला. निवडायला बसले तर काही शेंगांची शीर निघेना. टोक मोडावे तर नुसता आवाज आणि हातात काहीच नाही. बाकीच्यांच्या शिरा नेहमीसारख्या, सुतळीसारख्या. सगळा मिसळून शिजवला. दातवाल्यांना विचारायचे.

ही माझ्या रोजनिशीतली नोंद. त्या दिवशी मला एवढेच वाटले होते की बियाण्यात कुठेतरी भेसळ झाली आहे. ती भेसळ म्हणजे एका माणसाचे मोडून पडलेले काम होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्या माणसाविषयी लिहायचे बरेच दिवस मनात आहे.

दातवाले आमचे शेजारी. त्यांच्या न् आमच्या अंगणांत कमरेएवढी भिंत आहे आणि ती बहुतेक कोपर टेकण्यासाठीच वापरली जाते. आयुष्यभर त्यांनी कवळ्या बनवल्या. चौकातल्या दंतवैद्यांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे प्लास्टर, मेण आणि हिरडीच्या रंगाची गुलाबी भुकटी यांच्यात त्यांनी उमर काढली. पेशंट पुढच्या खुर्चीत बसे, दंतवैद्य माप घेत, आणि ते माप एका छोट्या खिडकीतून मागे सरकवले जाई. त्यामुळे दातवाल्यांनी माणसे क्वचित पाहिली. पाहिली ती माणसांची तोंडे, तीही प्लास्टरमध्ये. तरी रस्त्यात कोणी हसले की ते मला हळूच सांगत, "वरचे माझे, खालचे त्याचे स्वतःचे." स्वभावाने वेंधळे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे, पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाजारात जायचे. लोक थट्टा करत तेव्हा म्हणत, "निम्मी गल्ली मला हसते, आणि हसते माझ्याच दातांनी."

पण कामात वेंधळेपणाचा लवलेश नव्हता. माझ्या मिस्टरांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या हिरड्या बसत गेल्या आणि कवळी सैल होऊन जेवताना खुळखुळू लागली. दातवाले संध्याकाळी येत, कवळी घेऊन जात, आतून नवा थर देऊन सकाळी नाश्त्याच्या आत परत आणत. हिरड्या पुन्हा बसल्या की पुन्हा. मिस्टर शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या हातचे चावून जेवले. याबद्दल मी त्यांचे आभार मानायला गेले तर ते एवढे गोंधळले की मलाच म्हणाले, "नाही नाही, वहिनी, थँक्यू." कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नव्हते.

त्यांच्या पत्नीला मी ताई म्हणते. त्या मला मॅडम म्हणतात, कारण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि अजून चहाच्या कपाखाली बशी ठेवते. जिभेच्या तिखट, मनाच्या मऊ. नवऱ्याच्या धंद्याबद्दल बोलणे निघाले की म्हणत, "माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. म्हणून तर यांचं माझ्यापुढे काही चालत नाही."

लग्न होऊन आल्या तेव्हा ताईंनी माहेरून रुमालाच्या गाठीत घेवड्याचे बी आणले होते. उंच चढणारा वेल, जांभळी फुले, रुंद शेंग. बी कॉफीच्या रंगाचे आणि त्यावर काळ्या रेघा. चव अशी की मीठ, लसूण आणि चमचाभर तेल यांपलीकडे त्याला काही लागत नसे. दोष एकच, शीर. ताई स्वतःच म्हणायच्या, "एका शेंगेच्या शिरेवर पतंग उडेल." दरवर्षी बरणीतले बी त्या मूठमूठ गल्लीत वाटत. मिस्टर गेले त्या वर्षी मी अंगणात काहीच लावणार नव्हते. ताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मॅडम, हात पुढे करा." मी केला. "आता हे फेकून दिलंत तर मी बोलायची नाही." फेकणे शक्य नव्हते म्हणून लावले, लावले म्हणून रोज पाणी घालावे लागले, आणि पाण्यासाठी रोज सकाळी दार उघडावे लागले. त्या वर्षी मी जी काही उभी राहिले ती त्या वेलांबरोबर.

मग ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू पुष्कळसे हलू लागले, बोलणे जड झाले तरी तिखटपणा कमी झाला नाही. पण गिळणे बिघडले. काहीही खाल्ले तरी ठसका. सगळे कुस्करून, गाळून, वाटीतून चमच्याने. ताई म्हणत, "जन्मभर यांनी प्लास्टर कालवलं. आता तेच मला भरवतात." पुढे गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. तिने मऊ शिजलेल्या फोडी खायला हळूहळू परवानगी दिली. दोरा-धागा असलेले मात्र काही नको म्हणाली. ताईंनी तरी एक दिवस हट्टाने आपला घेवडा खाल्ला. दातवाल्यांनी स्वतः निवडला होता, अगदी डोळ्यांत तेल घालून. तरी एक शीर राहिलीच. ती घशात अडकली आणि ताईंचा चेहरा काळानिळा झाला. दातवाल्यांनी आपला कामाचा चिमटा आणून ती ओढून काढली. त्यानंतर घेवडा बंद.

ताई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पण मी अंगणात शेंगा निवडायला बसले की त्या आपली खुर्ची उलट्या दिशेला वळवून घेत. ते दातवाल्यांनीही पाहिले होते. एक दिवस ते भिंतीशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तिच्या आईच्या हाताची चव त्या शेंगेत आहे. बाकी माहेरचं काहीच उरलेलं नाही. मी तिला बिनशिरेचा करून देणार."

"भाऊजी, घेवडा काय कवळी आहे, माप घेऊन करायला?"

"बघू या ना."

बाजारात एक बुटका घेवडा मिळतो. पांढरे फूल, पांढरे बी, शीर अजिबात नाही. चव ओल्या पुठ्ठ्याची. त्याचा न् ताईंच्या घेवड्याचा संकर करायचा, असे त्यांनी ठरवले. कुठून कुठून माहिती काढली. घेवड्याचे फूल मोठे आतल्या गाठीचे. आतली पाकळी गोगलगाईसारखी वळलेली, आणि तिच्या आत नर-मादी दोन्ही. फूल उमलायच्या आत त्यांचे आपापसांत सगळे उरकलेले असते. म्हणून कळी उमलायच्या आदल्या दिवशीच उघडावी लागते. दातवाले कपाळावर भिंग बांधून स्टुलावर बसत, मेण कोरायच्या सुईने ताईंच्या वेलावरच्या कळीची पाकळी अलगद बाजूला करत, चिमट्याने आतले केसर एकेक उपटत, आणि बुटक्या झाडाच्या फुलातली पिवळी पूड मधल्या तंतूला लावत. मग कळी पुन्हा मिटवायची, दवाखान्यातल्या कापसाची ओली वळी भोवती ठेवायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. ताई खिडकीतून बघत. "चाळीस वर्षं प्लास्टरच्या तोंडांत हात घातला, आता फुलांच्या तोंडात घालतायत."

बहुतेक कळ्या दोन दिवसांत गळून पडल्या. लाल दोरे मातीत पडलेले दिसायचे. पण तीन शेंगा धरल्या, भरल्या, वाळल्या. त्या फोडायच्या दिवशी मीही भिंतीशी उभी होते. दातवाल्यांनी शेंग उघडली, आणि आत काय? कॉफीच्या रंगाचे, काळ्या रेघांचे बी. तीनही शेंगांत तेच. ताईंच्या बरणीतल्यासारखे, तसूभरही वेगळे नाही.

त्यांनी ते पुन्हा पुन्हा उजेडात धरले. जन्मभर त्यांनी दातांच्या छटा जुळवल्या होत्या. गुलाबी भुकटीत चिमूटभर पांढरी पडली की रंग तिथल्या तिथे फिकट होतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. पांढऱ्याचा अंश असता तर तो दिसलाच असता. "नाही लागलं," ते म्हणाले. "कळीनं आधीच आपलं उरकून घेतलं होतं." मी काहीतरी धीराचे बोलले. त्यांनी ते बी ताईंच्या बरणीत ओतले आणि बरणी जरा हलवली, जशी आपण सवयीने हलवतो.

ताईंनी त्या वर्षीही बरणीतले बी गल्लीत वाटले, डाव्या हाताने. स्वतःच्या अंगणात मात्र दातवाल्यांनी तो घेवडा लावला नाही. तिला खाता येत नाही तर तिच्या डोळ्यांसमोर तो वेल नको, असे त्यांचे म्हणणे.

तर १५ ऑक्टोबरला सकाळी मी भिंतीशी गेले आणि सांगितले, "ताई, यंदा तुमच्या बियाण्यात भेसळ आहे. काही शेंगांना शीरच नाही."

ताई म्हणाल्या, "मॅडम, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

दातवाले दाढी करत होते. ते तसेच बाहेर आले. "शेंग कुठाय?"

"शिजवली. खाल्लीसुद्धा."

त्यांनी असा चेहरा केला की मला खाल्लेले वर येते की काय वाटले. मग ते आत गेले, रिकामी होत आलेली बरणी घेऊन आले, तिच्याकडे बघत उभे राहिले. "पण बी तर तसंच होतं," ते पुटपुटले. "हुबेहूब तसंच."

ताई खुर्चीतून थांबत थांबत म्हणाल्या, "अहो, पोर पोटात आहे... तोवर पांघरूण आईचंच असणार ना? बापाचा चेहरा... बाहेर आल्यावर दिसतो."

दातवाले ताईंकडे बघतच राहिले. फेस गालावर वाळून गेला. बियाचे साल आईच्या अंगाचे असते, संकर झाला की नाही ते त्याच्यावरून कळतच नाही. ते बी पेरून, वेल वाढून, त्याला शेंगा लागल्या की कळते. एवढी माहिती काढली, आणि हीच तेवढी हुकली होती. संकर साधला होता. फक्त तो गल्लीभर वाटला गेला होता.

यंदा ते बी लावलेली तीन घरे आम्ही हिंडलो. दातवाले शेंग मोडत, मी टोक ओढून बघत असे. बसकंडक्टरांनी स्कूटर ठेवायला जागा हवी म्हणून वेल आठवड्यापूर्वीच उपटून टाकले होते. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या प्रत्येक शेंगेला जाड शीर निघाली. आम्हाला मोडलेल्या शेंगांची ओंजळ देत त्या म्हणाल्या, "आता निवडायला घेतल्याच आहेत तर सगळ्याच निवडून जा की!" उरले माझे कुंपण. तिथे सगळ्यात शेवटच्या खांबावरचा एकच वेल निघाला. शेंग मोडली की काच मोडल्यासारखे दोन तुकडे, धागा नाही. आणि त्याच्या खालच्या सगळ्या शेंगा मी आदल्याच दिवशी तोडून शिजवल्या होत्या. वर, माझा हात न पोचलेल्या उंचीवर, थोड्या होत्या. त्या हिरव्या, कोवळ्या. त्या झाडावरच पिकून वाळायला हव्या होत्या, आणि थंडीचे दव पडायला लागले होते.

"नाही पिकल्या तर?" मी विचारले.

"तर पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले. मग आपल्या हातांकडे बघून म्हणाले, "पण कळी उघडायला हे हात मागच्या वर्षीएवढे स्थिर राहिलेले नाहीत, वहिनी. आणि तिचं गिळणं कधी पुन्हा बिघडेल, सांगता येत नाही."

मग रोज संध्याकाळी आम्ही त्या एका वेलावर जुनी चादर टाकत असू आणि सकाळी काढत असू. येणारे-जाणारे विचारत, घेवड्याला गारठा लागतो का? ताई उत्तर देत, "बाळंतीण आहे."

त्यातच माझी लेक चार दिवस राहायला आली. मी न्हाणीघरात असताना ती अंगणात गेली, आणि बाहेरून तिचा आवाज आला, "आई, शेंगा जून होऊन चालल्यात, बघत पण नाहीस!" मी ओरडणार तोवर भिंतीपलीकडून दुसराच आवाज आला, "पोरी! हात वर! दोन्ही हात वर!" मी ओल्या केसांनी धावले. लेक पोलिसांनी पकडल्यासारखी हात वर करून स्टुलावर उभी, आणि भिंतीवर अर्धे चढलेले दातवाले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. तिने दोन-तीन शेंगा तोडल्या होत्या. त्यांतले बी सुरकुतून गेले. बाकीच्या वाचल्या. लेकीला सगळे सांगितले तेव्हा ती रडकुंडीला आली. मग राहिलेले दिवस चादर टाकायचे काम तिनेच केले.

शेंगा पिवळ्या झाल्या, मग वाळून वाजू लागल्या. आम्ही त्या ताईंच्या मांडीवर फोडल्या. या वेळी बी कॉफीचे नव्हते, पांढरेही नव्हते. गर्द, जांभळट काळे.

"दिसला का बापाचा चेहरा?" ताईंनी विचारले.

"बाप गोरा, आई सावळी, आणि हे एवढं काळंभोर," दातवाले म्हणाले. "मला तर दोघांचाही दिसत नाही."

"मग आजोळावर गेलंय."

पुढच्या मोसमात ते सगळे बी दातवाल्यांनी स्वतःच्या अंगणात लावले आणि काय सांगू, एकाच घरची लेकरे एवढी वेगळी निघावीत! कोणी बुटके राहिले, कोणी छपराला लागले. कोणाची फुले पांढरी, कोणाची जांभळी, कोणाची मधलीच. वेल ओळखू यावेत म्हणून दातवाल्यांनी कामातून उरलेले सदोष नकली दात दोऱ्याने एकेकाला बांधले. वरची दाढ, खालची दाढ, सुळा, पुढचा मोठा दात. बाहेरचा माणूस आला की बिचकायचा. आमच्यात मात्र बोलणे चाले, "सुळ्याला फुलं आली," "खालच्या दाढेला मावा लागलाय."

शेंगा धरल्यावर आधी शिरेची परीक्षा. शीर निघाली की तो वेल बाद. उरलेल्यांच्या शेंगा वेगवेगळ्या शिजवून, कुस्करून, ताईंच्या जिभेवर. त्या डोळे मिटून निकाल देत. "गवत." "पुठ्ठा." "बरा आहे, पण शेजाऱ्यांच्या घरचा." दातवाले प्रत्येक निकालाला मान हलवत आणि पुढची वाटी पुढे करत. मला वाटे, यातून काही निघाले नाही तर ह्या माणसाचे काय होईल. सुळ्याची वाटी आली. ताई चमचा तोंडातच ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "हा कुस्करलेला नको. अख्खा द्या."

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने शेंग हातात घेऊन मोडून बघितली, चोखून बघितली, आणि परवानगी दिली. तुकडा लहान, हनुवटी छातीकडे, मध्ये बोलायचे नाही. "मध्ये बोलायचं नाही हे कठीण आहे," दातवाले म्हणाले.

सुळ्यावर एका जेवणापुरत्या शेंगा जमल्या त्या दिवशी स्वयंपाक माझ्या ओट्यावर झाला. ही ताईंची अट. "यांच्या हातचं नको. हे मेण वितळवल्यासारखं शिजवतात." त्या काठी टेकत आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि मोडून दाखवलेली प्रत्येक शेंग त्यांनी डोळ्यांनी तपासली. मीठ, लसूण, चमचाभर तेल, झाकण. पहिल्या घासापुरत्या फोडी वाटीत काढल्या आणि बाकीचे मंद आचेवर ठेवले.

ताईंनी तुकडा तोंडात घेतला. चावला. सावकाश, बराच वेळ. दातवाले त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात तोच चिमटा. ताईंनी हनुवटी खाली घेतली. गळा हलला. आम्ही दोघे वाट बघत राहिलो, ठसक्याची. ठसका आला नाही.

"आईचा नाही," ताई म्हणाल्या.

दातवाल्यांचा चिमट्याचा हात खाली आला.

"तिचा जरा कोरडा होता. कडसर. हा गोड आहे... बापावर गेलाय थोडा." त्यांनी दुसरा तुकडा उचलला. "पण वास तोच आहे. चुलीपुढे ती झाकण उचलायची ना... तोच." मग तिसरा. मग म्हणाल्या, "बघत काय बसलात? वाढा."

दातवाल्यांनी वाढले. वाढताना अर्धे बाहेर सांडले. चष्मा काढून पुसला आणि उलटा घातला. "अजून चारपाच वर्षं निवडत बसावं लागेल," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "याचं बी पेरलं की पुन्हा दहा तऱ्हा निघतील. तेव्हा कुठे एकासारखा एक यायला लागेल."

"बसा की मग," ताई म्हणाल्या. "मी कुठे निघालेय."

ताईंनी वाटी संपवली आणि माझ्याकडे बघून, जड जिभेने पण स्पष्ट, म्हणाल्या, "मॅडम, तुमचे उपकार आहेत हो." मी म्हटले, मी काय केले, मी तर निम्मा खाऊन टाकला होता. तेव्हा दातवाले इतक्या मोठ्याने हसले की त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला. उपकार कोणाचे कोणावर याचा हिशेब आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणी ठेवलेला नाही. ठेवायला गेले तर माझ्याच बाजूला डोंगर निघेल.

ते दोघे घरी गेले, मी दारापर्यंत पोचवून आले, आणि ओट्याकडे वळले तेव्हा वास आला. त्या संध्याकाळच्या नोंदीची शेवटची ओळ अशी आहे: भाजी आचेवर विसरले, तळाला लागली. पातेले भिजत घातले आहे.